आफ्रिकेतला नवरा आणि नवाबाचा टेलिफोन

यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव, मेल्या! माझे उरलेत तीन दात. तिन्ही तुझे!

तर बाणखाडीच्या नवाबाकडे टेलिफोन आला. अख्ख्या संस्थानात एकच! कोणत्या साली, ते विचारू नको. मी चौथीत दोनदा नापास झालेली बाई.

गावात रोट्या भाजून विकणारा नानबाई होता, त्याची पोरगी जुलेखा. तिचा निकाह ठरला याकूबशी. पण याकूब कामाला कुठे, तर तिकडे आफ्रिकेत, मोंबासाला! दोन वर्षं रजा नाही. त्यानं चिठ्ठी धाडली, ‘जुम्म्याला फोनवर निकाह लावा. नाहीतर माझी आई दुसरी मुलगी बघतेय.’

आता फोनवरचा निकाह चालतो का? हे सांगणार मुफ्ती. किताबं बघून धर्मात काय बसतं, काय नाही, ते सांगणारा म्हातारा. तो गेला नवाबाकडे फोन मागायला. नवाबाचा डोळा आधीपासून त्याच्या किताबखान्यावर! मोटार ठेवायला जागा हवी होती ना.

नवाब म्हणाला, “मुफ्ती, ‘चालत नाही’ म्हणालात तर तुम्ही गंजलात. ‘चालतं’ म्हणालात तर एका डबड्यासाठी बापजाद्यांची किताबं विकलीत! मला असं उत्तर आणा, जे जुनंही नाही, नवंही नाही. जुम्म्यापर्यंत! नाही जमलं तर किताबखान्यात माझी मोटार, आणि फोनला हात लावायचा नाही!”

मुफ्तीनं तीन दिवस किताबं उलथीपालथी केली. दाढीत नुसती धूळ! चौथ्या दिवशी जुलेखा रोट्या घेऊन आली.

“चाचा, माझ्या लग्नाचं घोडं अडलंय कुठं?”

“साक्षीदारांत, पोरी. दोघांनी समोर बसून ‘कबूल’ ऐकायला हवं. डबड्यातून बोलला तो याकूब की कुणी टवाळ, त्यांना काय कळणार? उद्या फसगत झाली तर भोगणार तू!”

“आणि फोन नव्हते, तेव्हा नवरा दर्यापार असला की काय करायचे?”

“वकील नेमायचा. चिठ्ठी पाठवून. मग वकील इथं बसून त्याच्या वतीनं ‘कबूल’ म्हणायचा.”

“अगोबाई! मग चिठ्ठीऐवजी फोन!”

मुफ्तीनं कपाळावर हात मारला. “हे माझ्या आधी तुला सुचलं! पण नवाब म्हणणार, वकील जुना आणि फोन नवा.”

“त्याचं तोंड मी बंद करते. रोटीनं!”

जुम्म्याला दरबार भरला. नवाब मिशी पिळत म्हणाला, “हं, मुफ्ती! आणलं उत्तर?”

जुलेखानं पुढं टोपली केली. “हुजूर, आधी खाऊन घ्या. उपाशीपोटी न्याय होत नाही!”

भट्टीतली गरम, टम्म फुगलेली रोटी! नवाबानं दोन हादडल्या.

“हुजूर, रोटी जुनी की नवी?”

“नवी! चटके बसतायत!”

“पीठ फुगवणारं खमीर माझ्या आजीचं आहे. रोज थोडं आम्ही उद्यासाठी काढून ठेवतो. चाळीस वर्षं झाली!”

“हॅट्! मग जुनी म्हण!”

“पीठ आज पहाटे दळलंय.”

“मग नवी!”

“नवी तर फुगली कुणाच्या जिवावर?”

नवाबानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. शेवटी त्यात तिसरी रोटी घातली!

मुफ्ती पुढं झाला. “हुजूर, हेच माझं उत्तर. याकूब फोनवरून आपल्या मामाला वकील नेमेल. मामा इथं, दोन साक्षीदारांसमोर, ‘कबूल’ म्हणेल. पण त्याआधी पोरीला विचारणार. जुलेखा, तू राजी आहेस ना?”

“चाचा, नसते तर एवढ्या रोट्या भाजल्या असत्या का?”

नवाब काही सोडेना. “आणि फोनवर भलताच निघाला तर?”

जुलेखा म्हणाली, “मामांना विचारू द्या, फक्त त्या दोघांना ठाऊक असलेलं!”

फोन जोडला. खरखर, खरखर. याकूबचा मामा ओरडला, “अरे, लहानपणी चोरून फणस काढताना कुणाच्या झाडावरून पडलास?”

पलीकडून आवाज आला, सगळ्या दरबाराला ऐकू जाईल असा, “नवाबाच्या! आणि मामू, पडलो कुठं? तो बंदूक घेऊन धावला म्हणून उडी मारली! त्याच्या पायजम्याची नाडी सुटली म्हणून वाचलो! तूच तर खाली पोतं धरून उभा होतास!”

मामाचं तोंड खडूसारखं पांढरं. साक्षीदार छताकडे बघायला लागले.

नवाबाची मिशी थरथरली. मग पोट थरथरलं. मग तो असा हसला, असा हसला, की गादीवरून खाली आला!

“तोच आहे! तोच चोर! ते नाडीचं मी बेगमलासुद्धा सांगितलं नव्हतं! मुफ्ती, लावा निकाह! किताबखाना तुमचा, वर नवी कौलं माझ्याकडून. आणि हा फोनही तिथंच न्या. ज्याला परदेशातल्या माणसाशी बोलायचं त्यानं बोलावं, आणि अडलं की तुम्हाला विचारावं. जुलेखा, तुला सोन्याच्या पाटल्या!”

“आणि फणस, हुजूर?”

“झाडच घे, सैतान पोरी!”

झालं. नाडी खरंच सुटली होती का, ते विचारत बसू नको. ऊठ आता, जा तुझ्या घरी!