किल्ली नसलेला हुकूम

शहरात बिबट्या शिरला, म्हणून राजा शूरसिंहाने टाळेबंदी पुकारली. बिबट्या दुसऱ्याच दिवशी तट ओलांडून जंगलात परतला. टाळेबंदी मात्र उठली नाही, कारण राजाला तो शब्दच आवडला होता. गवयाचा सूर चुकला, त्याच्या तोंडाला टाळेबंदी. भाजीत मीठ जास्त पडलं, मुदपाकखान्याला टाळेबंदी. मग राजा स्वतःच फुटाण्यांवर दिवस काढू लागला, पण हुकूम मागे घेईना.

प्रधान म्हणाले, "महाराज, लोकांच्या तक्रारी आहेत."

"मग इथे येऊन सांगू देत. फक्त घराबाहेर पाऊल टाकायचं नाही." राजा स्वतःवरच खूश झाला. असं कोण येणार?

दुपारी राजवाड्यासमोर एक बैलगाडी कुरकुरत येऊन थांबली. गाडीवरच संसार करणाऱ्या घिसाड्याची लेक, धुरपा, गाडीत बसली होती. भोवती चूल, भाता, हातोडे आणि एक कोंबडी. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या.

राजा पायऱ्यांवर आला. "हुकूम मोडलास, पोरी."

"नाही महाराज. ही गाडीच आमचं घर. मी घरातच आहे. बाहेर पडलंय ते घर, आणि दवंडीत घराचं नाव नव्हतं."

प्रधानांना एकाएकी खोकला आला. राजाने मिशी चावली. "हवंय काय तुला?"

"वेशी बंद आहेत, चारा संपलाय. बैल आता बसले तर उठायचे नाहीत. मग आमचं घर इथंच रुतलं."

"आधी टाळेबंदी म्हणजे काय ते सांग. उत्तरात खोट निघाली, तर गाडीची चाकं काढून घेईन."

धुरपाने एक नवं कुलूप खटकन बंद केलं आणि राजाच्या हातात दिलं. "मी घडवलंय. उघडा."

"किल्ली दे."

"केलीच नाही."

"मग हे कसलं कुलूप? यापेक्षा दाराला खिळे ठोकलेले काय वाईट?"

"तुम्ही तेच केलंय, महाराज. बाप मला सांगतो, आधी किल्लीचा विचार कर, मग कुलूप घडव. कधी उघडायचं हे ठरवून लावतात, ती टाळेबंदी. आम्हाला तुम्ही नुसतं ठोकून टाकलंय."

राजाने कुलपाकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. "प्रधानजी, वेशी उघडा! या बैलांना राजकुरण कायमचं खुलं!"

"आणि मुदपाकखाना?"

"तो सगळ्यात आधी! चल पोरी, आज तू आमच्या पंगतीला."

धुरपा जागची हलली नाही. "आता घरातून उतरू ना, महाराज?"