पाच सुपाऱ्यांचं नगर

डोंगराच्या पायथ्याशी धानोली नावाचं एक नगर होतं, आणि तिथे सगुणाबाई नावाची एक कासारीण राहत असे. बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता ती अख्ख्या नगराची खबर काढायची. एकदा बोलायला लागली, की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

त्या काळी नगराचा सगळा कारभार एकट्या भुजंगशेठच्या हाती होता. शेठ म्हणेल ती पूर्व दिशा. त्यानं मनात आणलं आणि एका उन्हाळ्यात तळं खोदून झालं. रस्ता म्हटला की रस्ता तयार. लोक खूश होते आणि खोटं कशाला बोला, सगुणाबाईसुद्धा खूश होती. मग एका वर्षी आग लागली. ती पसरू नये म्हणून वाटेतलं काहीतरी पाडून जागा मोकळी करणं भाग होतं. वाटेत शेठचं रिकामं कोठार उभं होतं. शेठनं ते राखलं आणि शेजारची कासारआळी पाडायला लावली. सगुणाबाईचं घर तिच्या डोळ्यांदेखत भुईसपाट झालं. शेठला 'थांब' म्हणायचा अधिकार नगरात कुणालाच नव्हता.

सगुणाबाईचं डोकं असं फिरलं की विचारू नका. तिनं दारोदार हिंडून लोकांना उठवलं. शेठला पायउतार व्हावं लागलं आणि त्याच्या जागी पाच आळ्यांचे पाच पंच आले. सगुणाबाईच्या सांगण्यावरून पंचांनी रीत घातली. चौकात तांब्याचं ताट ठेवायचं. ज्या पंचाला काम पटेल त्यानं ताटात सुपारी टाकायची. पाचही सुपाऱ्या पडल्या तरच काम व्हायचं, एक जरी कमी पडली तरी ते तिथेच थांबायचं. कासारआळीची सुपारी सगुणाबाईकडे आली, हे सांगायला नकोच.

कारभार मोठा न्यायाचा झाला. कुणाच्या घरादाराला धक्का लागला नाही की कुणावर जास्तीचा कर बसला नाही. फक्त ओढ्यावरचा पूल तेवढा होईना. तो दगडी बांधायचा की लाकडी, यावर पंच इतकी वर्षं बोलत राहिले, की आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगावर गवत उगवलं. लोक लुगडी-धोतरं वर खोचून ओढा ओलांडायचे आणि पंचांना हसायचे.

"हसा की," सगुणाबाई म्हणायची. "पाय भिजतात, पण घर तर पडत नाही ना कुणाचं?"

तिनं स्वतः बांगड्या विकून विकून नवं घर बांधलं होतं. मातीच्या भिंती होत्या, वर गवताचं छप्पर होतं, पण भिंत न् भिंत तिनं स्वतः लिंपलेली होती. त्या घरावर तिचा फार जीव होता.

आणि मग चैत्रातल्या एका दुपारी गवताच्या बाजारात ठिणगी पडली. वारा असा भणाणत होता, की बघता बघता सगळा बाजार धडधडून पेटला. विहिरी आटलेल्या, तळं लांब. बाजारापुढे तेलाची आळी होती आणि आळीच्या तोंडाशीच पंचांपैकी रामलिंगशेठचं घर होतं. ते एक घर पाडून जागा साफ केली, की आग तिथेच अडली असती. माणसं कुदळी-पहारी घेऊन तयार उभी राहिली. पंच चौकात धावत आले. ताटात एक सुपारी पडली, दुसरी पडली, तिसरी पडली. सगुणाबाईनं आपली चौथी टाकली.

रामलिंगशेठनं मूठ आवळून धरली.

"वारा फिरेल," तो म्हणाला. "जरा दम धरा."

"शेठ, आग दम धरत नाही," सगुणाबाई म्हणाली.

"तूच रीत घातलीस ना बाई? पाचवी सुपारी पडल्याशिवाय कुणाचं घर पाडायचं नाही. मग माझंच कसं पाडता?"

सगुणाबाईचंच शस्त्र तिच्यावर उलटलं होतं. चार पंच एका मुठीकडे बघत उभे राहिले. वारा काही फिरला नाही. रामलिंगशेठचं घर पेटलं, तेलाचे बुधले फुटले आणि अख्खी आळी पेटली. माणसं पोरंबाळं काखेला मारून पळत सुटली. जीव सगळ्यांचे वाचले, घर एकाचंही वाचलं नाही.

आता ज्वाळा कासारआळीकडे वळल्या. मध्ये फक्त एक बोळ होता आणि बोळाच्या कडेला पहिलं घर सगुणाबाईचं. त्याच्यामागे सगळं नगर गवताच्या छपरांखाली दाटीवाटीनं उभं. बाकीचे पंच पुन्हा ताटाकडे निघाले, तशी सगुणाबाईनं एकाच्या हातातली पहार ओढून घेतली.

"माझ्या घराला कुणाची सुपारी लागत नाही," ती ओरडली. "पाडा!"

पहिला घाव तिनंच घातला. मग काय विचारता, शंभर हात धावले! कुणी छप्पर ओढलं, कुणी वासे लांब नेले, बायका पदर खोचून गवत उचलू लागल्या. हाताला फोड आले, अंगावर ठिणग्या उडाल्या, पण कुणी मागे हटेना. ज्वाळा बोळापर्यंत आल्या तेव्हा पुढे नुसती उघडी माती होती. आगीला खायला काही उरलं नाही आणि ती तिथेच धुमसत बसली. धानोली वाचली. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते, रडत होते, आणि सगुणाबाई तोंड लपवून हुंदके देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात सभा भरली. लोकांच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. "पंच नकोत, ताट नको," ते म्हणाले. "सगुणाबाई, आजपासून तूच सगळं बघ."

एक म्हातारा म्हणाला, "त्यापेक्षा बाहेरून पगारी कारभारी आणा. त्याला ना भाऊबंद, ना आळी. चोख काम करील."

"करील की बाबा," सगुणाबाई म्हणाली. "पण आगीच्या दिवशी त्याचं घर परगावी असेल. आणि मला एकटीला तरी कशाला सगळं देता? काल मी माझं घर पाडलं. उद्या तुमचं पाडायला निघाले तर मला अडवणार कोण? संकटात एकानं हुकूम द्यावा, हे मला पटलं. पण संकट सरलं, की त्यानं पंचांपुढे आणि लोकांपुढे उभं राहून जाब द्यावा. जाब पटला नाही तर उतरावं. कबूल असेल तर बोला."

लोक कबूल म्हणणार, तोच मागून आवाज आला, "मग तो जाब आजच दे."

चंद्रभागा पुढे आली. तेलाच्या आळीतलं शेवटचं घर तिचं होतं. काखेत पोर, अंगावर दुसऱ्याचं लुगडं.

"काल मागाहून पहार उचललीस, ती आधी का नाही उचललीस? रामलिंगशेठचं घर वेळेवर पडलं असतं तर माझं वाचलं असतं."

"गप्प बस," लोक ओरडले. "तिनं नगर वाचवलंय."

"तिला बोलू द्या," सगुणाबाई म्हणाली. ती चौकातल्या पारावरून खाली उतरली आणि चंद्रभागेसमोर उभी राहिली. "पाचवी सुपारी पडेना, म्हणून मी हातावर हात ठेवून उभी राहिले. ती रीत माझी होती. ती मोडायची मला भीती वाटली. तुझं घर माझ्या भित्रेपणानं गेलं, चंद्रभागे. चूक माझी आहे."

रामलिंगशेठनं मान खाली घातली.

चंद्रभागेनं काखेतलं पोर सावरलं.

"भुजंगशेठनं असं एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तू हुकूम दे, सगुणाबाई. मी पाळीन."

तात्पर्य: सत्ता एकाच्या हाती असली तर काम झपाट्यानं होतं आणि अन्यायही झपाट्यानं होतो, अनेकांच्या हाती असली तर अन्याय टळतो आणि वेळही टळून जाते. म्हणून संकटात हुकूम एकाचा असावा, जाब विचारायचा हक्क सर्वांचा असावा, आणि ज्याला आपली चूक चारचौघांत सांगता येते त्यालाच पुढारी करावं.