करंजवेळची पाठमोरी वयनी

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. त्या काळी गावात घड्याळ कुणाकडे असणार? तरी भिकाजी तांडेल वेळ हीच सांगतात. होळीच्या पुनवेला करंजवेळच्या समुद्रातला रेतीचा दांडा याच वेळेला पुरता उघडा पडतो, आणि त्याच्या टोकाला बसलेली बाई दिसायला लागते.

बाई म्हणजे खडक. काळा, माणसाएवढा, मांडी घालून बसलेला. तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे. गाव त्याला वयनी म्हणतं.

करंजवेळच्या पुळणीवर आता बारा महिने माणूस असतो. थंडीत छत्रीला बांधून आकाशात उडवतात, उन्हाळ्यात केळ्यासारख्या लांब होडीवर बसवून लाटांवरून ओढतात, पावसात समुद्र बंद झाला की ओल्या वाळूत फुटबॉल चालतो. भिकाजी तांडेलांनी जन्मभर होडी हाकली. आता ते पाण्यात जाणाऱ्यांची जाकिटं सांभाळतात. जाकीट मागायला कुणी हात पुढे केला की म्हणतात, "जाकीट मागाहून देतो. आधी तिकडं बघा." मग ते सांगतात ते असं.

खेळाचं वेड या गावाला पहिल्यापासून, म्हणे. नारळी पुनवेला होड्यांची शर्यत, दिवाळीनंतर पोहण्याची पैज, आणि शिमग्यात बायकांचा हुतूतू, तोही दांड्यावर. गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. ज्या वाडीच्या बायका जिंकतील त्या वाडीची होडी नारळी पुनवेला पहिली पाण्यात जायची. पहिल्या होडीला पहिली मासळी. त्यामुळे खेळ नुसता खेळ नव्हता. हरलेल्या वाडीतल्या बायकांना वर्षभर विहिरीवर मान खाली घालून पाणी भरावं लागायचं.

या खेळाला एक नियम होता. बाद झालेल्या बाईने दांड्याच्या टोकाला जाऊन समुद्राकडे तोंड करून बसायचं. मागे बघायचं नाही, बोलायचं नाही. आपल्या बाजूची म्होरकी येऊन डोक्यावर हात ठेवून "ऊठ" म्हणेल तेव्हाच उठायचं. आपली आपण उठली तर डाव गेला.

खालच्या वाडीची म्होरकी होती सगुणी. वाघिणीच्या काळजाची, असं सांगतात. त्या वर्षी तिच्या बाजूला एक बाई कमी पडली, म्हणून तिने आपल्या भावाच्या बायकोला ओढून आणलं. तानकू तिचं नाव. खाडीच्या पार वरच्या अंगाच्या गावची, समुद्र तिने लग्नानंतर पाहिलेला. पोहायला येत नव्हतं. अंगावर पिणारी लेक होती, मथू. तानकूचा जीव सारखा त्या लेकीत. दांड्यावर जाताना तिने सासूला तीनदा सांगितलं की उन्हात नेऊ नका, रडली तर मला हाक मारा. बायका हसल्या. एक म्हणाली, "हाक कशाला? हिची पोर शिंकली तरी हिला खाडीपार ऐकू जातं."

दांड्यावर पाय ठेवल्यावर सगुणीने तिला नियम समजावला, आणि वर एक टोला दिला. "वयनी, तू डोंगराकडची. बसलीस तर बसून राहा हां. पाणी ओटीला लागलं तरी आमच्यातली कोण हललेली नाय. तू हललीस तर आमची होडी वरीसभर मागं."

तानकू म्हणाली, "नाय हलणार."

खेळ चढत गेला. सगुणीच्या बाजूच्या बायका बाद होत, उठत, पुन्हा झुंजत. शेवटी शेवटी तानकू बाद झाली आणि टोकाला जाऊन बसली. तोवर भरती लागली होती. किनाऱ्यावरच्या बायकांना हे अंगानेच कळतं, दांड्याचं टोक आधी बुडतं हेही कळतं. पण तेवढ्यात कुणीतरी उठवतंच, हा वर्षानुवर्षांचा भरवसा.

मग सगुणी एका दमात घुसली आणि वरच्या वाडीच्या उरलेल्या दोघींना एकदम बाद करून आली. अशी चढाई कुणी पाहिली नव्हती. बायकांनी तिला खांद्यावर उचललं. ढोल लागला. दांडा आणि किनारा यांच्यामधलं पाणी गुडघाभर झालं होतं, ते तुडवत सगळ्या नाचत गावाकडे निघाल्या. सगुणी खांद्यावर, तोंड गावाकडे. म्होरकीने जाऊन उठवायचं असतं, आणि म्होरकीचे पाय जमिनीला नव्हते. वरच्या वाडीच्या म्होरकीने आपल्या बायका उठवून नेल्या; दुसऱ्या बाजूच्या बाईला उठवणं तिचं काम नव्हतं. बाकीच्यांना वाटलं, सगुणीने उठवलंच असेल. सगुणीला वाटलं, वयनी मागून येतेच आहे.

किनाऱ्यावर गुलाल उडाला. गूळ वाटला. सगुणीच्या तोंडात गुळाचा खडा होता तेव्हा तिची आई, म्हणजे तानकूची सासू, गर्दीतून वाट काढत आली. कडेवर मथू, रडून रडून निळी पडलेली.

"हिला भूक लागलीय," ती म्हणाली. "हिची आई खंय?"

ढोल थांबला. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. कुणी म्हणालं पुढे होती, कुणी म्हणालं घरी गेली असेल. सगुणीने तोंडातला गूळ थुंकला आणि समुद्राकडे वळली.

दांडा नव्हता. सगळीकडे पाणीच पाणी. आणि दूर त्या पाण्यात एक पाठ दिसत होती. खांद्यापर्यंत बुडालेली, ताठ. अंबाड्यातली अबोलीची वेणीसुद्धा जाग्यावर. ती हलत नव्हती.

त्या क्षणी सगुणीला कळलं, वयनी का हलत नाही ते. कुणी उठवलं नाही म्हणजे डाव अजून चालू आहे, असं ती धरून बसली होती. ढोल दूर गेलेला तिने ऐकला असेल. लेकीचं रडणंही ऐकलं असेल. दूध चोळीतून वाहिलं असेल. आणि तरी ती बसून राहिली, कारण तिला सांगणारीने सांगितलं होतं.

सगुणी पाण्यात शिरली. पुरुष होड्या ढकलेपर्यंत ती निम्म्यात पोचली होती. ओढ उलटी होती, लाट तोंडावर येत होती. ती पोहत होती आणि ओरडत होती, "ऊठ, वयनी, ऊठ." पण नियम हात ठेवण्याचा होता, नुसत्या हाकेचा नाही. पाणी वयनीच्या मानेला लागलं, मग कानांना. अखेर सगुणीने झडप घालून त्या डोक्यावर हात ठेवला.

हाताला केस लागले नाहीत. हात खडकाला लागला.

अबोलीची वेणी तेवढी खडकापासून सुटून पाण्यावर तरंगत होती, असं सांगतात. मागून आलेल्या होडीतल्या माणसांनी सगुणीला ओढून वर घेतलं, तेव्हा तिचा हात खडकावरून सोडवावा लागला.

त्या वर्षी नारळी पुनवेला खालच्या वाडीची होडी पहिली जायची होती. सगुणी होडीच्या वाटेत आडवी निजली आणि म्हणाली, "माझा गडी अजून बसलाय. डाव संपला नाय तर जिंकलं कोण?" वरच्या वाडीने आपली होडी आणून त्या होडीशेजारी लावली. तेव्हापासून दोन होड्या शेजारी शेजारी, एकाच वेळी पाण्यात जातात. सगुणीने लग्न केलं नाही. मथूला तिने वाढवलं, आणि पोरगी चालायला लागल्यावर पहिलं काय शिकवलं, तर पोहायला.

आजही करंजवेळच्या पुळणीवर कुठलाही खेळ असा सुटत नाही. व्हॉलीबॉल असो, शर्यत असो, केळ्याची होडी किनाऱ्याला लागलेली असो, सगळ्यांना वाळूत समुद्राकडे तोंड करून बसवतात. मग एक जण मागून येतो, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि "ऊठ" म्हणतो. शहरातली माणसं आधी हसतात. हात डोक्यावर आला की आपापली माणसं मोजायला लागतात.

आणि होळीच्या पुनवेला, दांडा उघडा पडला की गावच्या बायका खडकाशी जातात. खडकाच्या ओटीत पाणी साठलेलं असतं, ते पहाटेच्या गारव्यातही कोमट लागतं. अंगावर पाजणारी जी असेल ती पुढे होते, खडकाच्या माथ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "ऊठ, वयनी. आपण जिंकलो. लेक बरी आहे." मग सगळ्या थांबतात. भरतीचं पाणी ओटीला लागलं की मागे फिरतात, आणि दर चार पावलांनी कोण मागे राहिली का ते बघतात.

एवढं सांगून भिकाजी तांडेल जाकीट हातात देतात, आणि देताना एक मागणं मागतात. तेच इथेही मागायचं आहे. ही गोष्ट तुमच्यापाशी ठेवू नका. समुद्रावर, नदीवर, तळ्यावर जो कुणी पोरंबाळं घेऊन खेळायला निघेल त्याला सांगा. खेळ संपला म्हणजे सगळे आले, असं धरू नका. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून बघा. दुसऱ्याने ठेवला असेल, असं म्हणू नका.