पडीक कोण?

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक सशीण राहत असे. तिची पिल्लं नुकती कुठे गवत कुरतडायला शिकली होती. जंगलाच्या मधोमध मोठं गायरान होतं. मालकी सिंहमहाराजांची, पण चरायला सगळ्यांना मुभा. हरणं यायची, नीलगाई यायच्या, कडेकडेने सशीणही पिल्लांना घेऊन यायची. गायरान सांभाळायला सिंहाने कोल्ह्याला कारभारी नेमलं होतं.

त्या जमिनीवर रानडुकराचा डोळा होता. त्याने कोल्ह्याला चांगलं पोटभर जेवू घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी कोल्हा सिंहापुढे हजर! "महाराज, गायरान नुसतं पडीक आहे हो. कुणी फिरकत नाही तिकडे. डुकररावांना देऊन टाका, ते कुंपण घालून कंद लावतील." सिंह म्हणाला, "देऊ की! पण उद्या येऊन आधी बघतो."

आता आली का पंचाईत! कोल्हा धापा टाकत गायरानात आला नि ओरडला, "ऐका रे, उद्या महाराज पाहणीला येणार. इथे कुणी उभं दिसता कामा नये!" तिकडे डुक्कर कुंपणाला काट्या ओढत होतं, ते सशिणीने पाहिलं आणि पिल्लांना जवळ ओढलं. "कुंपण घातलं तर माझी लेकरं खातील काय?" मग एकदम तिचे कान ताठ झाले. "उभं दिसायचं नाही, एवढंच ना? मग झालं तर!" आणि ती हळूच नीलगाईच्या कानाला लागली.

सकाळी सिंह आला. कोल्हा म्हणाला, "बघा महाराज, चिटपाखरू नाही!" सिंहाने गवतात पाऊल टाकलं मात्र, "अगं आई गं, माझं शेपूट!" म्हणून नीलगाय कळवळली. बघतो तर काय, गवतात जिकडेतिकडे जनावरं आडवी! सशीण पडल्या पडल्याच म्हणाली, "महाराज, उभं राहू नका असा कारभारीदादांचा हुकूम. म्हणून पोटभर चरलो नि पडलो. जमीन पडीक नाही हो, पडीक आम्ही!"

सिंहाची हसून हसून आयाळ विस्कटली. "गायरान सगळ्यांचंच राहील," तो म्हणाला, "आणि कारभारीबुवा, डुकराच्या काट्या तुम्हीच उचलायच्या!" मग ऐसपैस जांभई देत म्हणाला, "सरका जरा, मीही पडतो इथेच." त्याबरोबर सगळे ताडकन उठून उभे!

तात्पर्य : सगळ्यांची जमीन ज्याच्या हाती सोपवली, त्याने ती राखायची असते, वाटायची नसते, आणि धन्याने ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः पायाखाली घालून पाहावी.