कारळ्याच्या रानातली भिवरा

त्या वर्षी श्रीकेवलनाथ महाराजांचा मुक्काम डोंगरउतारावरच्या वावळगावी होता. आश्विन लागला होता. गावाला वर्षभर तेल पुरवणारं कारळं उतारभर पिवळंधमक फुललं होतं.

गावात भिवरा नावाची एक विधवा राही. उतारावर तिचा एवढासा तुकडा होता. दर्शनाला आली की ती भलतंच काही विचारी.

"महाराज, बांधावर तेरडा फुललाय, सोनकी फुललीय. पण कारळ्यावरची मधमाशी मधली सगळी फुलं सोडून कारळ्यावरच जाते. असं का?"

दाजिबा पाटील मोठ्यानं हसले. "लोक इथं मोक्ष मागतात, आणि ही माश्यांमागं फिरते!"

महाराज म्हणाले, "मलाही ठाऊक नाही, भिवरे. उद्या जाऊन पाहू." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ते दुपारपर्यंत तिच्या बांधावर बसून राहिले!

त्याच आठवड्यात पाटलांच्या बैलाला माशी डसली. पाटलांनी रागानं जांभळीच्या ढोलीतलं पोळं धुरी देऊन उठवलं. रान मुकं झालं. पुढं भिवरेनं वाळल्या फुलांची बोंडं चोळून पाहिली, तर आत नुसता भुसा; माशी फिरकल्याशिवाय दाणा भरत नाही. पाटलांच्या वावरातही तेच. असंच राहिलं तर गावाचं वर्षाचं तेल जाणार!

ती महाराजांकडे धावली. अजून निम्मं रान फुलात होतं. महाराज तिला घेऊन तिथं आले. मागोमाग गाव आलं, पाटीलही आले.

"भिवरे, हाक मार माश्यांना."

"मला कुठं त्यांची भाषा येते, महाराज?"

"इतके दिवस ऐकतेस की!"

लाजत भिवरेनं डोळे मिटले आणि ती ओठांतल्या ओठांत गुणगुणली. पाटलांना हसू आवरेना. इतक्यात डोंगरामागून तसाच सूर आला, आणि बघता बघता माश्यांचा काळा घोस महाराजांच्या उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत लगडला! एकही डसली नाही. भिवरा अगदी जवळ वाकून बघत राहिली. भीतीपेक्षा तिला नवलच जास्त वाटत होतं. महाराजांनी हात अलगद हलवला. माश्या उडाल्या, काही भिवरेच्या फुलांवर बसल्या, काही पाटलांच्या.

पाटलांचा चेहरा उतरला. "धूर मी केला. तरी माझ्या वावरात?"

महाराज म्हणाले, "त्यांना फूल दिसतं, दाजिबा. बांध दिसत नाही."

पाटलांनी पागोटं उतरवलं आणि गुडघे टेकून ते महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले.

"पाटील, जपून!" भिवरा कुजबुजली. "पायांशी फुलावर माशी बसलीय."

पाटील तसेच थांबले, आणि ती उडेपर्यंत हात जोडून पाहत राहिले.