पानावरची वस्ती

पानं अजून बोलत होती, पण माणसांना ते ऐकू येणं नुकतंच बंद झालं होतं, त्या काळची ही गोष्ट. गव्हाच्या एका पानावर बुरशीची वस्ती होती, नीट बघितल्याशिवाय दिसणारही नाही इतकी बारीक. पानातून पाझरेल तेवढी साखर खायची आणि कुणाला त्रास न देता पडून राहायचं, एवढंच तिचं जगणं.

अधूनमधून वाऱ्यावर बसून करपा, पानं जाळून टाकणारा रोग, यायचा आणि विचारायचा, "जागा आहे का?"

"इथं आमचंच पोट भरत नाही, पुढं हो," वस्ती म्हणायची. करपा उपाशीच पुढं जायचा.

एका सकाळी शेताचा मालक गेणूबा यानं ते पान अंगठ्यानं पुसलं. अंगठा पुसट गुलाबी झाला.

"बुरशी आली," तो बायकोला म्हणाला.

"अहो, पान तर हिरवंगार आहे," भागूबाई म्हणाली. "तिनं काय बिघडवलंय?"

"बुरशी ती बुरशीच," म्हणत गेणूबानं पंप पाठीला लावला.

"ही माझी माणसं आहेत!" पान ओरडलं. फवारा सुरूच राहिला.

संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती मेली. पान घासलेल्या ताटासारखं लखलखीत झालं, आणि गेणूबा ते शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवत फिरला.

काही दिवसांनी औषधाचा जोर ओसरला. करपा आला आणि सवयीनं कडेलाच थांबला. "जागा आहे का?"

कुणीच बोललं नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

शेवटी पानच म्हणालं, "ये. इथं आता कुणी राहत नाही."