करवत आधी का खोकते

फार जुनी गोष्ट नाही, रानात मशीनची करवत नवी होती तेव्हाची. धर्माजी लाकूडतोड्या एक वाळलेला ऐन पाडायला निघाला. त्यानं आधी झाडाला हात जोडले, मग लाकडाची पाचर खिशात टाकली.

करवत हसली. "अगं ठेंगणे, तू कशाला? मी आहे ना!"

"असू दे बाई, बसते खिशात," पाचर म्हणाली.

करवत भरभर बुंध्यात शिरली. अर्ध्यावर वारा फिरला आणि झाड मागं रेललं. करवतीचं पातं चिमटीत सापडलं, तिची घरघर बंद पडली. झाड आता धर्माजीच्याच अंगावर येणार.

"पाचरीताई, धाव गं! माझं राहू दे, धन्याला वाचव!" करवत कळवळून म्हणाली.

धर्माजीनं पाचर फटीत धरून ठोकली. घाव सोसत ती आत सरकत गेली. तिनं सगळा भार उचलून धरला, तसं झाड पुढं झुकलं आणि मोकळ्या जागेत पडलं.

"लागलं का गं फार?" करवतीनं विचारलं.

"लागायचंच. पण धनी उभा आहे ना!"

तेव्हापासून करवत सुरू होताना आधी खोकते. माणसं म्हणतात, तेल कमी असेल. तसं नाही बाबांनो. ती विचारते, "ताई, आलीस ना?" आणि खिशातून हुंकार आला की मगच कामाला लागते.